लांबच्या क्रूझचा हिशेब: आधी केबिन, मग सहली

पत्र

आम्ही दोघंही आता निवृत्त आहोत. मी ६१ वर्षांची, हे ६६ वर्षांचे. पूर्वी एकदा सात रात्रींची क्रूझ केली होती, तेव्हापासून लांबचा प्रवास मनात आहे. आता ३८ रात्रींचा एक मार्ग नक्की केलाय. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघायचं, मग तुर्कस्तानातलं कुशादासी, पुन्हा ग्रीसमधलं सँटोरिनी, इटलीतली चिवितावेक्किया आणि लिव्होर्नो, बार्सिलोना, लिस्बन, मदेइरा बेटावरचं फुंशाल. तिथून अटलांटिक ओलांडून बार्बाडोस, कोलंबियातलं कार्ताहेना, पनामा कालवा, कोस्टारिकातलं पुंतारेनास, मेक्सिकोची काही बंदरं आणि शेवटी लॉस एंजेलिस. शरद ऋतूत याच मार्गाने दोन जहाजं जातात. पहिल्याचं भाडं कमी, पण राहणं-जेवण सोडून त्यात काही नाही. दुसऱ्याचं जवळजवळ एक तृतीयांश जास्त, पण त्यात ड्रिंक्स, वायफाय, टिप्स आणि सहलींसाठी थोडं क्रेडिट आहे. एजंट म्हणतो दुसरंच घ्या, किती गोष्टी फुकट मिळतायत बघा. आणि ऑफर या आठवड्यात संपतेय. आम्ही पीत नाही, हे कधीतरी एखादा ग्लास वाइन घेतात. मी १४ सहलींवर खुणा करून ठेवल्यात, कारण पुन्हा कुठे जाणं होणार आहे? पण त्यांची बेरीज बघून छातीत धस्स झालं. शिवाय ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. "तू जा, मी जहाजावर थांबतो," असं म्हणतात, पण एकटीनं जायचं माझ्या जिवावर येतं. काय करावं?

– एक वाचक

उत्तर

ताई, तुम्ही दोन्ही जहाजांची कोटेशन्स आणि सहलींची यादी सोबत पाठवलीत हे फार बरं केलंत. पत्र मी इथे थोडक्यात छापलंय आणि तुमचे खासगी आकडे गाळलेत. पहिल्या जहाजाचं तुम्हा दोघांचं भाडं १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात मांडते. या मापात दुसऱ्या जहाजाचं भाडं १३२ होतं आणि तुमच्या १४ सहली ३८ होतात.

एजंटने दुसऱ्या जहाजावरच्या "फुकट" गोष्टींची किंमत ७५ लावली आहे. तो खोटं बोलत नाही. त्या सगळ्या गोष्टी तुम्ही पहिल्या जहाजावर सुट्या विकत घेतल्या, तर खरंच तेवढं बिल होईल. पण त्या ७५ पैकी ५० निव्वळ ड्रिंक्स पॅकेजचे आहेत. तुम्ही घेत नाही, यजमान कधीतरी एखादा ग्लास घेतात. बहुतेक कंपन्यांचा नियम असतो की केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही ते घ्यावं लागतं, आणि तेही पूर्ण प्रवासासाठी. म्हणजे ज्या गोष्टीवर तुम्ही ३८ दिवसांत जेमतेम ३ खर्च केले असते, तिची किंमत तुमच्या नावापुढे ५० लिहिली गेली आहे. तुमच्या वहीत ती ३ च लिहा. जे तुम्ही खिशातून पैसे काढून घेतलंच नसतं, त्याची छापील किंमत तुमच्या हिशेबात धरायची नाही. या प्रवासाच्या प्रत्येक ओळीला मी हाच नियम लावणार आहे.

तर पहिलं जहाज. भाडं १००. टिप्स १३. एका उपकरणाचं वायफाय ६. वाइन, चांगली कॉफी वगैरे ३. कपडे धुणं २. बुकिंगवर मिळणारं ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच खर्च करता येणारी रक्कम, ३, ते वजा. एकूण १२१.

दुसरं जहाज. भाडं १३२, धुलाई २, सहलींचं क्रेडिट ६ वजा. एकूण १२८. हे क्रेडिट मी पूर्ण धरलं, कारण ते फक्त जहाजाच्या सहलींवरच चालतं आणि जहाजाच्या तीन-चार सहली तुम्ही तशाही घ्यायला हव्यात. त्याबद्दल पुढे सांगते.

३२ चा वाटणारा फरक ७ वर आला. कुणी दोघं रोज संध्याकाळी दोन-तीन ग्लास घेणारे असते, तर मी डोळे झाकून दुसरं जहाज घ्या म्हटलं असतं. तुमच्यासाठी दोन्ही जवळजवळ सारखी आहेत. अशा वेळी पैशाकडे बघणं थांबवायचं आणि केबिनचा नकाशा उघडायचा.

टिप्सबद्दल थोडं. रोज माणशी ठरावीक रक्कम आपोआप खात्यावर पडते. बऱ्याच जहाजांवर काउंटरवर जाऊन ती कमी करता येते, आणि खर्च कमी करायचा उपाय म्हणून कुणीतरी तुम्हाला हे सुचवेलच. ते करू नका. तुमची केबिन रोज आवरणाऱ्या आणि ३८ दिवस तुमच्या टेबलाशी उभं राहणाऱ्या माणसांच्या कमाईचा तो मोठा भाग असतो. तुम्ही तेवढी बचत दुसरीकडे कराल, खात्री आहे मला. टिप्स आगाऊ भरता येत असतील तर भरून टाका, मध्येच दर वाढला तरी फरक पडत नाही.

आता केबिन, कारण तुमच्या पत्रात हिच्यावर एकच ओळ आहे आणि सहलींवर पानभर. तुमच्या वेळापत्रकात १७ दिवस बंदरांवर आहेत, २० दिवस भर समुद्रात आणि एक पनामा कालव्यात. अर्ध्याहून जास्त प्रवासात उतरायला जमीनच नाही. सात रात्रींच्या क्रूझमध्ये केबिन म्हणजे झोपायची जागा असते. ३८ रात्रींत ती घर होते. दुपारी पुस्तक घेऊन कुठे पडायचं, गुडघा दुखला तर पाय कुठे पसरायचा, दोघांपैकी एकाला सर्दी झाली तर दिवस कसा काढायचा, हे सगळं तीच ठरवते.

पहिल्या जहाजाचं तुमचं कोटेशन "गॅरंटी" बाल्कनीचं आहे. म्हणजे बाल्कनी नक्की, पण कोणती ते कंपनी नंतर ठरवणार. छोट्या प्रवासात मी स्वतः असं बुकिंग आनंदाने करते. इथे करू नका. दुसऱ्या जहाजावर तुम्हाला दिलेली केबिन मी नकाशावर पाहिली. ती अगदी पुढच्या टोकाला आहे आणि बरोबर वर पूलचा डेक. जहाज लाटांवर सीसॉसारखं हलतं, टोकं वरखाली होतात आणि मधला भाग सगळ्यात कमी हलतो; जितकं खाली, तितकं हलणं कमी. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने रात्री बाथरूमला उठणाऱ्या माणसासाठी ही चैनीची गोष्ट नाही. आणि पूलच्या डेकखाली राहिलात तर पहाटे डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज ऐकून उठाल, एक-दोनदा नव्हे, रोज.

पहिल्या जहाजावर केबिन स्वतः निवडायचे ५ जास्त पडतात. ते भरा. मधोमध, खालच्या डेकांपैकी एखाद्यावर, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी बघा. बाल्कनीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, तेही पाहून घ्या. लिफ्ट जवळ असावी, पण दाराला लागून नको. आणि एक गोष्ट एजंट सांगणार नाही: तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताय, म्हणजे अटलांटिकभर जहाजाची डावी बाजू दक्षिणेला राहील. बाल्कनीत ऊन हवं असेल तर डावी घ्या, सावली हवी असेल तर उजवी.

पश्चिमेकडे जाण्याचा आणखी एक फायदा आहे आणि त्याला कुणी किंमत लावत नाही. तेव्हा अथेन्स आणि लॉस एंजेलिस यांच्या घड्याळांत दहा तासांचा फरक असेल. हे दहा तास तुम्हाला वाटेत एकेक करून मिळत जातात. मधूनमधून रात्री घड्याळ एक तास मागे घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी एक तास जास्त झोपायचं. उलट्या दिशेने जाणाऱ्यांची झोप तासातासाने कमी होते आणि आठवड्याभरात सगळे पेंगुळलेले दिसतात. तुमच्या वयाला आणि यजमानांच्या तब्येतीला तुम्ही निवडलेली दिशा अगदी योग्य आहे.

सहलींकडे वळते. १४ सहलींची बेरीज ३८ म्हणजे भाड्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. "पुन्हा कुठे जाणं होणार" हे मला मनापासून पटतं, आणि म्हणूनच सांगते, यादी कमी करा. लागोपाठ बंदरं येतात तेव्हा चौथ्या दिवशी सकाळी सातला बसमध्ये चढणारी माणसं मी पाहिली आहेत. पाचव्या दिवशी कुठलं चर्च कुठल्या गावात पाहिलं ते त्यांना आठवत नाही. तुमचा भूमध्य समुद्राचा भाग असाच दाट आहे.

जहाजाच्या सहलीला जास्त पैसे का द्यायचे, याचं खरं कारण एकच. ती उशिरा परतली तर जहाज थांबतं, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः गेलात आणि रस्त्यात ट्रॅफिक लागला तर जहाज निघून जातं, आणि पुढच्या बंदराचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं. त्यामुळे बंदरापासून बघायचं ठिकाण किती लांब आहे, यावर निर्णय घ्यायचा. लांब असेल तर जहाजाबरोबर, जवळ असेल तर आपलं आपण.

हे तुमच्या यादीला लावू.

पिरेअस हा सुरुवातीचा मुक्काम. अ‍ॅक्रोपोलिसची सहल जहाजाकडून घेतलीत, ती काढून टाका. त्याऐवजी दोन दिवस आधी अथेन्सला पोहोचा. पिरेअस मेट्रोने शहराला जोडलेलं आहे. विमान रद्द झालं, सामान चुकलं, तरी हाताशी वेळ राहील. ३८ रात्रींच्या प्रवासाला त्याच दिवशी विमानाने पोहोचण्याची जोखीम कुणीही घेऊ नये.

कुशादासीहून एफेसस साधारण २० किलोमीटरवर आहे. अंतर कमी, तरी इथे मी सहल ठेवेन, ती गुडघ्यासाठी. हे प्राचीन शहर उतारावर आहे. चांगली सहल वरच्या दरवाजाशी सोडते आणि खालच्या दरवाजाशी घेते, म्हणजे चढ टळतो. मात्र संगमरवरी रस्ते गुळगुळीत आहेत आणि गुडघ्याला उतरण जास्त जाचते, म्हणून काठी न्या आणि रबरी तळव्याचे बूट घाला. स्थानिक गाइड गाडीसह मिळाला तर आणखी छान, कारण वेग तुमचा राहतो. इतक्या कमी अंतरात उशिराची भीती फारशी नाही.

सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या टेंडर बोटींनी लोकांना नेतात. बोट जिथे सोडते तिथून वर, फिरा नावाच्या गावात, जायला केबल कार, नाहीतर जवळजवळ ६०० पायऱ्या. चार जहाजं एकाच दिवशी आली की केबल कारची रांग तासन्‌तास हलत नाही. पायऱ्यांवर गाढवंही मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. गुडघ्यालाही बरं नाही आणि त्या मुक्या जनावरांनाही नाही. जहाजाची सहल मात्र बहुतेकदा अथिनिओस नावाच्या दुसऱ्या धक्क्यावर उतरवून बसने वर नेते, म्हणजे चढण्याची रांग टळते. परत येताना केबल कारनेच उतरायचं असेल, तर थोडं लवकर निघा. इथले पैसे मी आनंदाने देईन.

चिवितावेक्किया म्हणजे रोम नव्हे, रोम तिथून ७० किलोमीटरहून जास्त लांब आहे. दिवसभराची रोम सहल तुमच्या यादीत सगळ्यात महाग आहे. तिच्या वर्णनात पाच ठिकाणं आहेत, पण तासांचा हिशेब केला तर दोन ठिकाणं बसच्या खिडकीतून दिसणार. "पॅनोरॅमिक" शब्द दिसला की समजायचं, बसमधून उतरायचं नाही. त्याऐवजी जहाजच फक्त ने-आण करणारी बस देतं ती घ्या. शहरात सोडतात, ठरलेल्या वेळी आणतात, किंमत बरीच कमी आणि उशिराची जबाबदारी त्यांची. मग एक चौक, एक चर्च, दोन तास निवांत बसणं, बस. रेल्वेनेही तासाभरात जाता येतं, पण पहिल्यांदाच जाताय तर बस बरी.

लिव्होर्नोबद्दल शेवटी लिहिते.

बार्सिलोना, लिस्बन, फुंशाल, तिन्हींच्या सहली खोडून टाका. लिस्बनला धक्का जुन्या वस्तीच्या पायथ्याशीच आहे. फुंशालला बंदरातून सपाट रस्त्याने गावात पोहोचता आणि तिथून केबल कार माँतेच्या टेकडीवर नेते, गुडघ्याला काही न करता अख्खं गाव आणि समुद्र पायाखाली. बार्बाडोसला टॅक्सी घेऊन किनारा गाठा. कार्ताहेनाचं तटबंदीतलं जुनं शहर टॅक्सीने जवळ आहे, फक्त तिथे ऊन आणि दमटपणा फार, म्हणून सकाळी लवकर. पुंतारेनासला मात्र जहाजाची सहल ठेवा. तिथलं जंगल आणि मगरींची तार्कोलेस नदी बंदरापासून दूर आहे आणि परतीचा रस्ता तुमच्या हातात नाही. मेक्सिकोची बंदरं चालत फिरण्याजोगी आहेत. काबो सान लुकासला पुन्हा टेंडर बोट लागेल.

टेंडरच्या बंदरांसाठी एक ताकीद. लाटा उंच असल्या तर कप्तान थांबत नाही, सरळ पुढे जातो. तिकिटाच्या करारात त्याला तो हक्क असतो आणि तुम्हाला परत मिळतं ते फक्त बंदराचं शुल्क, बहुधा खात्यावर क्रेडिट म्हणून. माझ्याच एका लांबच्या प्रवासात असं झालं. मी एका स्थानिक गाइडला पूर्ण पैसे आधी दिले होते, रेलिंगला धरून ते बेट मागे पडताना पाहिलं आणि पैसेही गेले. तेव्हापासून "जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा" हे लेखी असल्याशिवाय मी बाहेर काही बुक करत नाही. जहाजाची सहल अशा वेळी आपोआप रद्द होऊन पैसे परत मिळतात. आणि स्वतः फिरायला गेलात की घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. गावची वेळ वेगळी असू शकते, आणि चढायची शेवटची वेळ जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी असते.

पनामा कालव्याच्या दिवशी तुम्ही "कालवा दर्शन व्याख्यान आणि खास बैठक" असं काहीतरी विकत घ्यायला काढलंय. घेऊ नका. हा तुमच्या सगळ्या प्रवासातला सर्वोत्तम दिवस आहे आणि तो भाड्यातच आहे. ८२ किलोमीटरचा हा कालवा १९१४ पासून चालू आहे. गातूनच्या लॉकमध्ये, म्हणजे दारं लावून पाणी भरायच्या हौदांमध्ये, जहाज तीन पायऱ्यांनी उचललं जातं आणि समुद्रापेक्षा २६ मीटर उंच असलेल्या सरोवरात सोडलं जातं. पलीकडे पुन्हा तीन पायऱ्यांनी खाली, पॅसिफिकमध्ये. हे सगळं कुठलाही पंप न लावता, फक्त वरचं पाणी खाली सोडून. आठ ते दहा तास लागतात. नकाशा बरोबर ठेवा, एक नवल दिसेल: कालवा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, त्यामुळे पॅसिफिकचं तोंड अटलांटिकच्या तोंडापेक्षा पूर्वेला आहे. पहाटे उठून पुढच्या उघड्या डेकवर जागा धरा, टोपी आणि पाणी घ्या. पहिलं लॉक झालं की गर्दी नाश्त्याला जाते, तुम्ही हलू नका. दुपारी ऊन चढलं की आपल्या बाल्कनीत. चांगली केबिन घ्या म्हणते ती अशा दिवसांसाठीही.

एवढं केल्यावर जहाजाच्या चार सहली आणि रोमची बस मिळून १३ होतात, बाकी टॅक्सी, तिकिटं, केबल कार ६. म्हणजे ३८ ऐवजी १९. उरलेल्या १९ मधून केबिनचे ५ गेले. राहिलेल्यातून सगळ्यात आधी विमा काढा.

विम्याबद्दल तुम्ही "कंपनीचा घेऊ का" एवढंच विचारलंय. मला याची जास्त काळजी वाटते. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल तुमच्या खात्यावर पडतं आणि ते मोठं असतं. जहाजाचं हॉस्पिटल तात्पुरत्या उपचारांपुरतंच असतं. आजार गंभीर असेल तर जवळच्या बंदरात उतरवतात. भर अटलांटिकमध्ये काही दिवस तर हेलिकॉप्टरही पोहोचू शकत नाही, कारण तेवढा पल्लाच नसतो. म्हणून पॉलिसीत दोन गोष्टी बघा: समुद्रातून किंवा परक्या बंदरातून रुग्णाला हलवण्याचा खर्च भरपूर धरलाय का, आणि आधीपासूनच्या आजारांना संरक्षण आहे का. गुडघ्याचं ऑपरेशन, रक्तदाब, रोजच्या गोळ्या, सगळं फॉर्मवर लिहा. लपवलेल्या एका ओळीसाठी अख्खा दावा नाकारला जातो. कंपनीचा विमा सोपा असतो, पण त्याची मर्यादा बऱ्याचदा कमी असते. बाहेरच्या दोन पॉलिसींशी ताडून पाहा. डिपॉझिट भरल्यावर लगेच विमा काढा, कारण काही सवलती तेव्हाच मिळतात. गोळ्या ३८ नव्हे, किमान ५० दिवसांच्या न्या, आणि हातातल्या बॅगेत.

व्हिसाकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. तुम्ही ग्रीसमधून तुर्कस्तानात जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येताय. तुमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागत असेल, तर एकदाच प्रवेश देणारा चालणार नाही, अनेक वेळा प्रवेशाचा हवा. शेवट लॉस एंजेलिसला, म्हणजे अमेरिकेचीही परवानगी, आणि तिला काही ठिकाणी महिनोन्‌महिने लागतात. कागद अपुरा असेल तर पिरेअसलाच चढू देत नाहीत आणि पैसे परत मिळत नाहीत. कोलंबियाला जाऊन पुढे जाणाऱ्यांना काही देशांत पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचं प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. वयाची साठी ओलांडल्यावर ही लस घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

बारीकसारीक थोडं. जहाजावर चढलात की फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर समुद्रातलं मोबाइल नेटवर्क पकडून मोठं बिल येतं. एका उपकरणाचं वायफाय आलटून पालटून वापरलंत तर पुरतं. पुढच्या क्रूझचं डिपॉझिट जहाजावर भरलं तर सवलत देतात. परत मिळणारं असेल तरच भरा. जुन्या सात रात्रींच्या कंपनीशी निष्ठा ठेवण्याचं तुमच्या बाबतीत कारण नाही, एका क्रूझवर त्यांच्या सभासद योजनेत जी पायरी मिळते, तिच्यावरचे फायदे नगण्य. आणि ऑफर या आठवड्यात संपतेय म्हणून घाई करू नका. संपली तरी बहुधा दुसऱ्या नावाने येते. शेवटची रक्कम भरायच्या तारखेआधी भाडं उतरलं तर फरक मिळेल का, आणि डिपॉझिट कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतं, हे दोन्ही लेखी मागून घ्या आणि मगच पैसे भरा.

आता लिव्होर्नो. तुमच्या यादीत फ्लॉरेन्ससमोर तुम्ही तीन फुल्या मारल्या आहेत आणि पुढे कंसात "ह्यांना जमणार नाही" असं लिहून ती ओळ खोडली आहे. ती ओळ परत लिहा. फ्लॉरेन्स बंदरापासून जवळजवळ ९० किलोमीटरवर आहे, बसने दीड तास जायला आणि दीड तास यायला, वर दगडी रस्त्यांवर तीन-चार तास चालणं. त्यांना खरंच जमणार नाही. पण तुम्हाला जमेल. जहाजाची सहल एकटीने करण्यासाठी सगळ्यात सोपी असते: बसमध्ये तुमच्याच जहाजावरची माणसं, गाइड डोकी मोजतो, हरवायची किंवा मागे राहायची भीती नाही. चार-पाच दिवस एकत्र जेवल्यावर त्यातले चार चेहरे तुमच्या ओळखीचे झालेले असतील. तुमच्या यजमानांनी "तू जा" म्हटलं ते मला वरवरचं वाटत नाही. आपल्या गुडघ्यामुळे बायकोचं फ्लॉरेन्स राहिलं, हे ओझं त्यांना नको असणार. सोबत राहायचं म्हणून तुम्ही थांबलात, तर दिवसभर ते तुमच्याकडे अपराधी नजरेने बघतील.

आणि त्यांनीही केबिनमध्ये बसून राहायचं कारण नाही. लिव्होर्नोतच व्हेनेत्सिया नुओव्हा नावाची कालव्यांची जुनी वस्ती आहे. तिथे बोटीतून फेरी मारता येते, बसल्या जागी. बंदरातून गावात जायला शटल बस असते. त्यांना ती आवडेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं. बोटींबद्दलची सगळी वाक्यं त्यांचीच आहेत. तुमची बस किती वाजता परत येते ते आदल्या दिवशी सहलींच्या काउंटरवर विचारून ठेवा, आणि त्यांना त्या वेळी गँगवेपाशी, जहाजात चढायच्या पुलाशी, यायला सांगा.